पाइनच्या शेंड्यातली अळी

बैठकीतलं सागवानी कपाट, गच्चीवरचा सोलर हीटर, डिकीत मावणारी घडीची शेगडी, जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सचं भिंग आणि हॅकसॉ ब्लेड घासून केलेला चाकू. हे सगळं मी स्वतः, कुणाकडे न शिकता केलंय. शेवटच्या तीन वस्तू घेऊन ऑक्टोबरात आम्ही नवरा-बायको पचमढीला निघालो.

अवधपुरीतल्या आमच्या घरून सकाळी सहाला निघावं. ओबेदुल्लागंजला पोहे-जलेबी, दोघांचे ऐंशी रुपये. पिपरियाला पेट्रोल भरून घ्या; मटकुलीच्या पुढे घाट आहे, रस्ता चांगला पण वळणं आंधळी. माझ्या मीटरवर अंतर दोनशे चार किलोमीटर भरलं.

लॉज गावाबाहेर, खोली बाराशे. मागे पाइनची कमरेएवढी रोपं, निम्म्यांचे शेंडे तपकिरी होऊन वाकलेले. मालकांनी विचारलं, "भाईसाहब, आप कारखाने के आदमी हैं, क्या लगता है?"

चालता चालता मी म्हणालो, "पानी कम पड़ रहा है."

मालक माळ्याकडे वळले. "सुना, गेंदालाल? ये महीना पूरा कर, फिर अपना देख."

"पानी तो हम रोज देत हैं, साब," तो एवढंच म्हणाला.

खोलीत बायको म्हणाली, "मिक्सर न उघडता कुणी बिघडला म्हटलं, तर तुम्ही अंगावर जाता. इथे काय उघडून बघितलंत?"

 फेल झालेला पार्ट कापून बघितल्याशिवाय शेरा लिहायचा नाही, हा कारखान्यातल्या आमच्या शॉपचा नियम मीच नव्या पोरांना शिकवतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बागेत गेलो. गेंदालाल पाणीच घालत होता. माती चांगली वीतभर ओली. एक शेंडा उभा चिरला. आत भुसा, राळ आणि केशरट अळी, जिऱ्याच्या दोन दाण्यांएवढी.

"ये तो भीतर बैठी है," गेंदालाल म्हणाला, "और गाली हम खा रहे."

मग दोघांनी चाळीस शेंडे कापले आणि सापडेल ते कागदावर क्रमाने मांडलं. सुईसारख्या पानांवर खसखशीहून बारीक अंडी. अंड्यातून निघालेली अळी आधी पानाचं बूड कुरतडते, मग राळ आणि जाळ्याचा तंबू ठोकून कळीत शिरते, शेंडा पोखरते. तिथेच तिचा कोष. कोषातून तांदळाएवढा पतंग निघतो, पंखांवर विटकरी पट्टे. कोषाची रिकामी साल शेंड्यातून अर्धी बाहेर लोंबते. पतंग पुन्हा कोवळ्या शेंड्यावर अंडी घालतो. झाड उंच झालं की फारसं बिघडत नाही, नुकसान लहान रोपांचं. अळी आत गेल्यावर फवारा पोचत नाही. पतंग उडण्याआधी शेंडे कापून जाळायचे. जातीचं नाव लिहीत नाही, मला खात्री नाही.

कागद मालकांपुढे ठेवला. "कल मैंने गलत कहा था. पानी पूरा है." एवढं बोलायला मला अख्खा कप चहा लागला.

भिंगातून बराच वेळ बघून ते गेंदालालला म्हणाले, "तुझे इतने दिन दिखा नहीं?"

"कल तो इनको भी नहीं दिखा था, साब."

मी हसलो. दुसरं काय करणार?

या प्रवासात धबधबा एकच पाहिला, त्याची खंत नाही. न बघता बोललेल्या एका वाक्याची आहे. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला: नोकरी सोडून बाग सांभाळायला या. मी विचारलं, "और गेंदालाल?"

"उसका क्या, कहीं भी लग जाएगा."

मी नाही म्हणालो. कापलेल्या चाळीस शेंड्यांतले निम्मे त्यानेच ओळखले होते, हेही सांगितलं. गेंदालाल अजून तिथेच आहे. मला देऊ केलेली जागा त्याचीच होती: राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि महिना अठरा हजार रुपये.