दातांनी ऐकणारे भावोजी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांना माणसांच्या बोलण्यापेक्षा यंत्रांचं बोलणं जास्त कळत असे आणि जास्त आवडतही असे. माणूस उगाच बोलतो, यंत्र दुखल्याशिवाय बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास ते ताईला बघायला आमच्या घरी आले. मूळचे खारबावचे, आयटीआय झालेले, आणि भिवंडीच्या नारपोलीतल्या एका कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे जॉबर. पोहे आले, ताई आली, आईने ताईच्या भरतकामाचे रुमाल मांडले, पण पाहुण्यांचं लक्ष टेबलावरच्या पंख्याकडे. वडील मोठ्या अदबीने म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा." तर हे म्हणाले, "ह्या पंख्याला तेल कवा घातलंत? बुश गेलंय त्याचं, दांडा हलतोय आत." आणि कुणी काही म्हणायच्या आत पोह्यांची बशी सारून त्यांनी पंखा मांडीवर घेतला. स्क्रू काढायला सुरी आतून ताईनेच आणून दिली. तासाभराने पंखा मुकाट्याने वारा घालू लागला. "मेल्याने मुलीकडे धड पाहिलंसुद्धा नाही," असा आईचा त्रागा चालू असतानाच ताईने सांगून टाकलं की स्थळ पसंत आहे. त्या पंख्याच्या खडखडाटापायी तिची कित्येक वर्षं झोप झाली नव्हती म्हणे.

पुढे मालकांच्या मोटारी दुरुस्त करता करता भावोजींनी लूम सोडले आणि नारपोलीतच, लूमच्या शेडला चिकटून, पत्र्याचं गॅरेज टाकलं. लूमवरून त्यांनी एकच वस्तू बरोबर आणली, ती म्हणजे धोट्याला टोला हाणणारी हातभर लाकडी काठी. इंजिन चालू करायचं, काठीचं एक टोक दुखऱ्या जागेवर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. बाकीचे मिस्त्री स्क्रूड्रायव्हर कानाला लावतात, हे काठी चावतात. मी शाळामास्तर असल्यामुळे ते मला जन्मभर 'मास्तर'च म्हणत आले. एकदा मी या काठीचं कारण विचारलं, तर उलट मलाच म्हणाले, "मास्तर, कान कवा घासतोस का? न्हाय ना? दात रोज घासतोस. मंग साफ काय?" यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. वडिलांना खोकला झाला तेव्हा भावोजींनी हीच काठी सासऱ्यांच्या छातीला टेकवली आणि "इंजिन ठणठणीत हाय, फकस्त सायलेन्सर घाण झालाय, बिडी सोडा," असं सांगितलं. वडिलांनी आईचं चाळीस वर्षं ऐकलं नव्हतं, जावयाचं ऐकलं. माझ्या चुलत भावाच्या लग्नात तर यांनी भर पंगतीत मांडवाचा जनरेटर बंद केला, कारण त्याचा व्हॉल्व्ह दुखत होता आणि दुखणाऱ्या यंत्राच्या वाऱ्याखाली बसून जिलेबी खाणं त्यांच्या मनाला पटेना. पंगत घामाघूम होऊन जेवली. नवरीकडची मंडळी आजही भावोजींचं नाव काढलं की रुमाल शोधतात.

अवघड दुखणं असलं की मात्र एकच उत्तर मिळे, 'शुक्रवारी आणा.' शुक्रवारी लूमना सुट्टी असते. एरवी दिवसरात्र खडखडणारी भिवंडी त्या दिवशी इतकी गप्प होते की नव्या माणसाला चुकल्याचुकल्यासारखं वाटावं. माझी शाळा सकाळची, त्यामुळे शुक्रवारी दुपारी मी चहाला गॅरेजवर जाई आणि तो सोहळा बघे. भावोजी काठी तोंडात धरायच्या आधी एक हात वर करत. की भाजीवाला हातगाडी थांबवी, रिक्षावाला इंजिन बंद करी, समोरच्या घरातली बाई कुकर उतरवून ठेवी. एवढा मान मी कुठल्या साहेबालाही मिळालेला पाहिला नाही.

नव्वदीच्या अखेरीस एका लूमवाल्या शेठनी परदेशी बनावटीची पांढरीशुभ्र गाडी घेतली. वर्षभरात ती कसारा घाटात दम टाकू लागली. ठाण्याच्या एका मोठ्या वर्कशॉपने तिला मशीन लावून पाहिलं आणि सांगितलं की हवेच्या नळ्या बदलणारी मोटर गेली, सगळा संच परदेशातून येईल, दोन महिने थांबा. शेठ थेट नारपोलीला आले. "मिस्त्री, आप ही कुछ करो." भावोजींनीही असलं काही आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पण त्यांनी मंगळवारपासून गाडीभोवती घिरट्या घातल्या आणि शुक्रवारी मला समजावून सांगितलं, "मास्तर, हिला श्वास घ्यायच्या दोन वाटा हायत. हळू चालताना लांब वाट, पळताना आखूड. मधी झडप हाय आनि ती फिरवायला ही येवढीशी मोटर. वाट बदलली न्हाय की दम लागनारच."

हात वर झाला. रस्ता गप्प झाला. भावोजींनी काठी मोटरीवर टेकवली, दातांत धरली, शेठच्या ड्रायव्हरला चावी फिरवायला लावली आणि डोळे उघडून जाहीर केलं, "मोटर जिती हाय. गुनगुनते बराबर. झडप अडकलीय." झडप उघडली, तर खरंच तिच्यावर काजळीचा थर. तो पेट्रोलने धुतला, सगळं पुन्हा बसवलं आणि इंजिन चालू केलं. आणि मला टिकटिक ऐकू आली. बारीक, पण स्वच्छ. मी भावोजींकडे पाहिलं. ते खुशीत हात पुसत होते. मिस्त्रीला ऐकू आली नाही आणि मास्तरला आली, असं कुठे असतं का? असेल तशी रीत, असं समजून मी गप्प बसलो. शेठ गाडी घेऊन अंजूरच्या रस्त्याला चक्कर मारायला गेले.

अर्ध्या तासात परत आले. "मिस्त्री, वही हाल है. खींचती नहीं." भावोजींचं निदान चुकलेलं मी प्रथमच पाहत होतो, आणि बहुधा तेही. तोंड एवढंसं झालं त्यांचं. पुन्हा काठी, पुन्हा मोटर. "जिती तर हाय," ते पुटपुटले. इंजिन चालू होतं, टिकटिक चालू होती आणि हा माणूस त्या टिकटिकीपासून वीतभर अंतरावर वाकून उभा होता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताई नेहमी त्यांच्या समोर येऊन का बोलते, कुकर शिट्ट्या मारत राहिला तरी हे शेजारी पेपर कसा वाचत बसतात, हाक मारली तर वळत का नाहीत, सगळं कळलं. भिवंडीत लूमपायी सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे इथे कुणाला कमी ऐकू येतं हे समजायला मार्गच नाही. मला फार अपराधी वाटलं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "भावोजी, मोटरीत टिकटिक होतेय. मघाशीही होत होती."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग शेठना चहाला पिटाळलं आणि हळूच विचारलं, "कशी? कशावानी?"

मी शब्द शोधू लागलो. पाल? नाही. शिवणाचं मशीन? तेही नाही. "आपल्या घरच्या घड्याळाला जास्त चावी दिली की ती निसटते ना, कट् कट् कट्, तशी. आणि मागे गुणगुण चालूच."

"दात!" भावोजी ओरडले. "चाकाचा दात गेला, मास्तर! मोटर फिरते, पन पकडतच न्हाय!" मोटर उघडली. आत प्लॅस्टिकचं बोटभर चाक, त्याचे दोन दात तुटलेले. अडकलेली झडप ढकलून ढकलून ते गेले होते. नवं चाक परदेशात. पण ते चाक झडपेसाठी जेमतेम पाव फेराच फिरायचं, उरलेल्या दातांना कधी कामच नव्हतं. भावोजींनी ते उलट्या बाजूने फिरवून बसवलं, चांगले दात पुढे आणले. शेठ चक्कर मारून आले ते हसत. वर्कशॉपने मागवलेला संच पुढे आला म्हणे, पण त्याची पेटी कुणी फोडली नाही.

शेठ गेल्यावर आम्ही बाकड्यावर बसलो. मी विचारलं, "कधीपासून?"

"लई वर्सं झाली. लूमनी खाल्लं. आधी पाखरं गेली, मंग कुकर. ढोल येतो अजून." ते काठीवरून अंगठा फिरवत होते. "दातात मातर सगळं येतं. फकस्त असलं बारीक न्हाय येत. आनि लूम चालू असला की जमीन थरथरते, दातात लूमच येतो. म्हनून शुक्रवार."

"ताईला माहीत आहे?"

"माझ्या आदी तिला कळलं." मग काठी मांडीवर ठेवून म्हणाले, "भायेर कळलं तर कोन येईल रं माझ्याकडं? बहिऱ्या मिस्त्रीकडं कोन गाडी देईल?"

त्या दिवसापासून दर शुक्रवारी मी त्यांचा कान झालो. लोकांना वाटे, मास्तरला चाळिशीत गाड्यांचा नाद लागला. भावोजी दातांनी ऐकत आणि मी शेजारी उभा राहून, रुमालाने तोंड पुसल्यासारखं करत, त्यांना आवाज सांगे. निबंध तपासून माझी भाषा सुधारली नाही तेवढी या कामाने सुधारली. सुरुवातीलाच त्यांनी एक अट घातली होती. "खोटं न्हाय बोलायचं. येडावाकडा आवाज आला तर येडावाकडाच सांगायचा. माज्या मनाला बरं वाटावं म्हनून काय बी साफ-बिफ न्हाय." ती अट मी वर्षानुवर्षं पाळली आणि त्यांची लाज कधी बाहेर फुटली नाही.

आता गॅरेज बंद झालं. गाड्यांचं दुखणं मशीनवर लिहून येतं. ताईही गेली, त्याला तीन वर्षं झाली. भावोजींना आता ढोलसुद्धा येत नाही. कानाचं मशीन त्यांच्या मुलाने आणून दिलंय, ते 'आवाज सोडून हवाच जास्त मारतं' म्हणून डब्यात पडून आहे. शुक्रवारी दुपारी मात्र ते रिक्षा करून माझ्याकडे येतात आणि टेबलाशी बसतात. तोच आमचा जुना पंखा अजून त्या टेबलावर आहे, आणि अलीकडे तो पुन्हा भयंकर खडखडू लागला आहे. ताईला बघायला आले होते तेव्हा खडखडत होता, अगदी तसा.

परवा त्यांनी विचारलं, "काय म्हनतो पंखा?"

ऐकू येत नसताना त्यांना कशाला चुटपुट लावायची, असं मला वाटलं. मी मान हलवून म्हणालो, "एकदम साफ, भावोजी."

त्यांनी तळहात टेबलावर पालथा ठेवला. डोळे मिटले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "खोटं बोललास, मास्तर. बुश गेलंय."

मी ओशाळून सुरी आणायला उठलो. त्यांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "वाजू दे त्याला."