अर्ध्यावर सोडलेलं वाक्य

लेक हल्ली कोरियन शिकते आणि जेवताना मला शिकवते. परवा म्हणाली, "आई, ते लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'चोम...' म्हणतात, म्हणजे 'जरा...', आणि थांबतात. पुढचं समोरच्यानं ओळखायचं."

मला हेवाच वाटला. तिला न आवडलेल्या एका स्थळाला नकार कळवायचं काम आठवडाभर माझ्या मानगुटीवर बसलं होतं. एरवी आपण पत्रिका जुळत नाही म्हणतो आणि बिचाऱ्या ग्रहांवर ढकलून मोकळे होतो. पण इथे मुलाच्या आईनं पत्रिका आधीच जुळवून घेतली होती!

काल शेवटी फोन लावला. "मुलगा गुणी आहे हो, पण जरा..." एवढंच म्हटलं आणि जीभ आवरली. मला गप्प बसायची सवय नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तरी मी बोलले नाही. पुऱ्या वाक्यानं दार बंद होतं. हे दार मी नुसतं लोटलं होतं.

पलीकडून मोठा सुस्कारा आला. "बरं झालं बाई, तुम्हीच फोन केलात. आमच्या मुलाचंही जरा..."

आणि त्याही थांबल्या.

मग आम्ही दोघी कैरीच्या लोणच्याबद्दल कितीतरी वेळ बोलत बसलो.