वऱ्हाड नसलेली जीप

टेनर सॅक्सोफोन माझा, सोबत पियानो, बास आणि ड्रम, असा चौघांचा जॅझचा अल्बम आम्ही मुंबईत केला. आपल्या माणसांनीही तो ऐकावा म्हणून जव्हारला आल्या आल्या मी तो भावाच्या जीपमध्ये लावला. भाऊ जव्हार ते साखरशेत प्रवासी नेतो.

रस्त्यात माणसं हात करत आणि आवाज कानावर पडताच हात खाली घेऊन बाजूला होत. आमच्याकडे सॅक्सोफोन वाजतो तो लग्नाच्या बँडमध्ये, त्यामुळे त्यांना ही वऱ्हाडाची गाडी वाटत होती. "लग्न नाय रं, बसा!" असं ओरडून भाऊ दमला. मग माझ्यावरच डाफरला, "दादा, बंद कर ते तुझं! गाडी रिकामी चाललीय."

माझंही डोकं फिरलं. या सुरांसाठी वर्षानुवर्षं मी ओठ सोलवटून घेतले, आणि इथे लोक नवरदेव शोधत होते!

शेवटी एक म्हातारी चढली. तिनं वळून सगळी गाडी न्याहाळली.

"नवरी कुठंय?"

"नवरी नाही, आजी! लग्नच नाही!" मी खेकसलो.

ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"मंग एवढं रडतंय कोण?"