कोई आपत्ति नहीं

शी! त्या कागदाची आठवण झाली तरी आजही तोंड कडू होतं.

मध्य भारत राज्य जाऊन नुकतंच मध्य प्रदेश झालं होतं. मी फ्रीगंजातल्या शाळेत हिंदी शिकवायचे आणि माधव नगरात काकांकडे राहायचे. काकांची धाकटी बहीण, माझी आत्या, तिथंच असायची. तिला मधूनच कसले कसले आवाज ऐकू यायचे, म्हणून कोर्टानं काकांना तिचे पालक म्हणून नेमलं होतं. पालक कसले डोंबलाचे, चौकीदार! नवी गोळी सुरू झाल्यापासून काकांना घरात शांतता मिळाली आणि आत्याला थरथरणारे हात. अर्ध्या मोहल्ल्याची पोलकी शिवणारी बाई ती, तिला सुईत दोरा ओवता येईना. तोंडातून लाळ गळायची.

"मला खुशाल वेडी म्हणा, पण माझे हात परत द्या," ती म्हणायची. "त्यापेक्षा ते आवाज परवडले."

दवाखान्यातही तिनं हेच धरून ठेवलं. तेव्हा डॉक्टरांनी तिच्यादेखत मला एक छापील कागद दिला, पालकानं भरायचा. "इन्हें आपत्ति हो तो साफ़ लिखवाइए, मैं दवा बदल दूँगा." भला माणूस.

घरी काकांनी चष्मा लावून वाचलं, 'क्या रोगी को इस दवा से कोई आपत्ति है?' आणि खो खो हसत सुटले. भाजीवाल्याशी जन्मभर हिंदीत भांडले, पण वाचायचे मराठीतच.

"आपत्ती? हिच्यावर कसली आलीय आपत्ती? आयतं बसून दोन वेळा गिळतेय! आपत्ती कोसळलीय ती माझ्यावर. लिही, नाही म्हणून."

मराठीत आपत्ती म्हणजे संकट, हिंदीत हरकत. दर वर्षी मराठी मुलींना हे मी घसा फोडून शिकवायचे. तेव्हा नुसतं तोंड उघडायचं होतं. पण माझ्या लग्नाची बोलणी चालली होती, पाहुणे यायचे होते, आणि घरात शांतता मलाही हवीच होती की! मी लिहिलं, 'नहीं'. काकांनी खाली सही ठोकली. त्या माणसाची मला किळस येते, आणि माझ्या त्या वळणदार अक्षराची त्याहून जास्त.

आत्या दारातच उभी होती. तिनं पदरानं हनुवटी पुसली.

"त्याला नाही कळलं," ती जड जिभेनं म्हणाली. "पण तुला तर हिंदी येतं ना गं?"