सोनगीरची पहिली फेरी

भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकल्या त्या फक्त हातातला चहा संपेपर्यंत. विश्वास कधी ठेवला नाही, आजही ठेवतो असं म्हणवत नाही... पण ८८ सालच्या उन्हाळ्यातली ही एक गोष्ट अजून माझ्या डोक्यात नीट बसलेली नाही.

तेव्हा मी जळगावात कारकून होतो. सायकलची चेन उतरली तरी दुकान गाठणारा माणूस — आणि मी एक जुनी विलायती मोटार घेऊन बसलो! ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. तशा गाड्यांचे आम्ही आठ मालक; आमचं एक मंडळ होतं आणि त्याचं सगळं कामकाज पोस्टकार्डांवर चालायचं. नियम एकच : प्रश्न विचारायचा तर आधी दुसऱ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. मला कुठलं उत्तर येणार? मी आपल्या चुकाच लिहून पाठवायचो — ‘असं करू नका.’ माझी कार्डं म्हणे फार उपयोगी पडत.

त्यातली थोर चूक अशी : इंजिन खोललं आणि प्रत्येक पार्टावर नावाची चिठ्ठी चिकटवली, ज्वारीच्या पिठाच्या खळीनं. आठवडाभरात उंदरांनी खळ खाल्ली, सोबत चिठ्ठ्याही. मागे उरले गोडेतेलाच्या सहा डब्यांत भरलेले बिननावाचे पार्ट.

तेव्हा धावून आले धुळ्याचे नाना. मंडळातलेच, रिटायर्ड ओव्हरसियर, पंच्याहत्तरी उलटलेली. त्यांच्या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक चिरलेला, ती पुन्हा चालणार नव्हती. “दोनमधून एक तरी व्हई,” म्हणाले आणि एकेक पार्ट काढून मला देऊ लागले. बदल्यात मागणं एवढंच — माझी गाडी झाली की पहिली फेरी त्यांना आणि त्यांच्या बायकोला, अक्कांना घेऊन सोनगीरला. लग्नानंतर तशाच गाडीतून ते अक्कांना तिथे तांब्याची भांडी घ्यायला घेऊन गेले होते.

“दिवाळीला नक्की!” मी म्हणालो. अशा तीन दिवाळ्या गेल्या. रविवारी एसटीनं पारोळ्यावरून धुळं, तिथे नानांच्या गाडीत पार्ट कसा बसलाय त्याचं चित्र काढायचं, घरी येऊन तो उलटा बसवायचा. शेवटी तर शेडचं दार उघडायचाही कंटाळा यायला लागला. तिकडे नानांना चार पायऱ्या चढल्या की दम लागू लागला, तरी माझ्या तोंडी दिवाळीच.

मे महिन्यात नानांचं कार्ड आलं. ‘गाडी फस्क्लास झाली. रविवारी सोनगीरला मजा आली. तू वाटेत एक शब्द बोलला नाहीस, थकला असशील.’

मी कार्ड दोनदा वाचलं आणि शेडमध्ये गेलो. गाडी विटांवर उभी, चाकं काढलेली, इंजिन डब्यांत.

म्हातारा भ्रमिष्ट झाला, आणि माझ्यामुळे... दुसऱ्या दिवशी रजा टाकून धुळं गाठलं.

अक्का दारातच म्हणाल्या, “काय रे भाऊ, त्या दिवशी चहालेबी थांबना नही!”

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. “अक्का, नानांची तब्येत... म्हणजे काही भास वगैरे...?”

“त्यासले काय धाड भरनी? मी सोता मांगे बशेल व्हतू. तू ते मागलं दार सुतळीनं बांधेल, मना पदर अडकना त्यामा.” आणि फळीवरच्या कोऱ्या तांब्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तो देख, सोनगीरना शे.”

माझ्या गाडीच्या मागच्या दाराची कडी त्या रविवारच्या आदल्या गुरुवारी तुटली होती. सुतळी मीच बांधली होती. बायकोलाही सांगितलं नव्हतं, मंडळाला कळवायची तर लाजच वाटत होती.

खरं सांगून टाकायचं ठरवून मी बाहेर आलो. खाटेवर बसलेल्या नानांनी माझा हात धरला. “तीन साल वाट पाही. पन तू शब्द पाळा, भाऊ.”

तो चेहरा बघितला आणि ठरवलेलं सोडून दिलं. “हो नाना... जरा थकलो होतो,” मी म्हणालो.

“परत लई जाशी ना?”

“नेईन.” या खेपेला दिवाळीचं नाव काढलं नाही.

मंडळातल्या बाकी सहाही जणांना कार्डं टाकली. त्यांच्यातल्या चालत्या गाड्या दोनच, दोन्ही कोल्हापूरकडच्या. त्या उन्हाळ्यात गावाबाहेर गेल्या नव्हत्या.

मग मात्र मी ऑफिस सुटलं की थेट शेडमध्ये. मंडळानं कार्डावर कार्ड पाठवून मला एकेक पार्ट ओळखून दिला. थंडीत गाडी सुरू झाली. पारोळ्यापर्यंत चारदा पाणी उकळलं, पण धुळ्याला पोचलो आणि दोघांना बसवून सोनगीरला नेलं. धूर, गचके, दुसऱ्या गिअरला अशी खरखर की रस्त्यातल्या म्हशी बाजूला होत होत्या. नाना सगळी वाट गिअरच्या दांड्याकडे बघत.

सोनगीरच्या किल्ल्याखाली चहा घेताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वाईट वाटू देऊ नको, भाऊ... पन मांगला खेपले तू चांगली चालाडी व्हती.”

अक्कांनीही मान हलवली.

तो कोण होता, कुठली गाडी घेऊन आला, मला आजही सांगता येत नाही. खूप डोकं चालवलं, आता तेही दमलं. भीती वाटत नाही, लाज वाटते. मी तीन वर्षं टाळलं ते त्यानं एका दुपारी करून टाकलं, आणि शाबासकी घेतली मी. कधी भेटलाच तर दुसरं काही विचारणार नाही. बाबा रे, तो दुसरा गिअर बिनआवाज कसा टाकलास, तेवढं सांग म्हणेन.