शिक्का सहाचा

तो चपला शिवायचा आणि बाजारात त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "माप बरोबर आहे साहेब, पाय फताडे आहेत तुमचे," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचा. घरी मात्र बायकोपुढे तीच जीभ टाळ्याला चिकटायची. तिच्या चपला तो स्वतः शिवायचा आणि तळाला सहाचा शिक्का मारायचा. लग्नाच्या वेळी तिचा नंबर सहाच होता.

पुढे तिला चपला घट्ट होऊ लागल्या. त्याने गुपचूप सातचा तळ कापला, मग आठचा. शिक्का सहाचाच. "हल्ली चामडंच आखडतंय मेलं," म्हणत वेळ मारून न्यायचा. बायकोला पाय वाढलाय म्हणून कसं सांगायचं? बिचाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

पुढे तिची डोकेदुखी काही केल्या थांबेना, तेव्हा दोघं सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिची जाड झालेली बोटं आणि रुंदावलेला जबडा निरखला.

"चपलेचा नंबर वाढलाय का हो?"

"छे! पंधरा वर्षं सहाच. घरचाच कारागीर आहे ना," ती कौतुकाने म्हणाली.

तो शेजारीच होता. चारचौघांत तिचं हसं नको, म्हणून मूग गिळून बसला. मेंदूचा फोटो फक्त लांबच्या मोठ्या हॉस्पिटलात निघायचा. नंबर वाढलेला नाही तर एवढ्या लांब उगाच कशाला पाठवा, म्हणून बाईंनी गोळ्या लिहून दिल्या.

दोन वर्षांनी ती दाराच्या चौकटीवर आदळू लागली. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. आता मोठं हॉस्पिटल गाठावंच लागलं. तिथल्या सर्जनने फोटो दाखवला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ होती. तीच हातपाय वाढवत होती आणि तीच डोळ्यांच्या नसा दाबत होती.

"चपलेचा नंबर?" सर्जनने विचारलं.

"सहाच," ती म्हणाली.

"नऊ," तो कसाबसा बोलला. "सहा वर्षं झाली, वाढतोच आहे. शिक्का मी खोटा मारायचो."

सर्जनचं पेन थांबलं. "नाकातून गाठ काढू. उरलेली नजर वाचेल. गेलेली येईल असं वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर..."

शेजारी बसलेला नवरा दिसायला तिला अख्खी मान वळवावी लागली.

"त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही माझ्या शेजारीच होता ना?" तिने विचारलं.