वेरिबीत बसून काढलेली आर्क्टिकची नदी

मेलबर्नच्या त्या लांबलचक लॉकडाउनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती, आणि मी बाई रोज सकाळी चहा घेऊन आर्क्टिकला जायची! वेरिबी या उपनगरातल्या आमच्या डायनिंग टेबलावरून. आर्क्टिकमधल्या एका नदीच्या खोऱ्यातून तेलाची पाइपलाइन जाते, खांबांवर उभी. नवे खांब रोवायचे होते, पण जुन्या पात्राच्या भुसभुशीत जमिनीत ते टिकत नाहीत, म्हणून नदीने सोडून दिलेली जुनी पात्रं आम्ही विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशावर आणत होतो. काय नदी होती! आज इकडून, उद्या तिकडून; कुणाच्या बापाला जुमानत नव्हती.

काम करणाऱ्या आम्ही दोघीच. खोऱ्याचा वरचा अर्धा भाग माझा, खालचा मेलबर्नमध्येच राहणाऱ्या, मूळच्या वसईच्या एका बाईचा. वयाने बरीच मोठी, पण 'ताई' म्हटलं की वैतागायची. बॉसने मीटिंगमध्ये सांगूनच टाकलं होतं, या कामानंतर एकीलाच ठेवता येईल. नोकरी गेली की माझा व्हिसा जाणार होता. तिचा नवरा शेफ, त्याचं रेस्टॉरंट बंद. खरं सांगते, मला तिची धास्तीच वाटायची.

नकाशा द्यायच्या आदल्या दिवशी, माझा भाग तिच्या भागाला जोडून बघितल्यावर, सकाळीच तिचा फोन. "अगं बाय, तुझे फोटो उलटे फिरव बघू. उत्तर दिशा खाली आण."

फिरवले. जिथे मी उंचवटा दाखवून 'खांबांना चांगली जागा' असं लिहिलं होतं, तिथे चक्क खोलगट पात्र! ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडे, सावल्या दक्षिणेला. माझे डोळे त्यालाच सरावलेले. आर्क्टिकमध्ये सूर्य दक्षिणेला, सावल्या उलट्या, उत्तरेला पडतात, म्हणून मला खड्डे टेकड्यांसारखे दिसले होते. माझं अख्खं अर्धं खोरं चुकलं होतं.

"मीपण पहिल्यांदा अशीच फसले होते," ती म्हणाली, आणि आपलं काम बाजूला ठेवून दिवसभर स्क्रीन शेअर करून माझी पात्रं काढत बसली. काय हात होता तिचा! वाटावं, वाहती नदीच काढतेय. मी नुसती बघत राहिले.

बॉसने मला ठेवलं. मी स्वस्त पडत होते ना! तिला फोन करून मी ढसाढसा रडले. म्हटलं, "गप्प बसली असतीस तर तूच राहिली असतीस. कशाला सांगितलंस मला?"

"कशाला म्हणजे?" ती चिडलीच. "नकाशा चुकला होता ना!"